मुलांच्या मनातील भीती : समजूत की सराव?

जूनच्या मध्यास शाळा उघडल्या की पुष्कळ घरांतून एक ठरावीक प्रसंग सकाळी सकाळी घडू लागतो. गणवेश चढवून झालेला असतो, डबा भरलेला असतो, आणि नेमके निघायच्या वेळी मुलाच्या पोटात दुखू लागते. डॉक्टरांना दाखवले तर पोटात काही सापडत नाही. रविवारी दुखत नाही, सुटीत दुखत नाही. आजी म्हणते, ‘राहू दे आजच्या दिवस.’ वडील म्हणतात, ‘सगळी सोंगं आहेत.’ आई दोघांच्या मध्ये उभी असते. अखेर मूल घरी राहते, दहा वाजेपर्यंत पोट बरे होते आणि वडिलांचे निदान घरात सर्वमान्य ठरते.

वस्तुतः ते निदान चुकीचे असते. भ्यालेल्या मुलाचे पोट खरोखरच दुखते; हात गार पडतात, छाती धडधडते, घशाला कोरड पडते. मात्र दुखण्याचे मूळ पोटात नसून मनात असते. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वर्षांच्या मुलांपैकी ७.३ टक्के मुलांत कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला, आणि चिंतेच्या विकारांचे प्रमाण ३.६ टक्के होते. साठ मुलांच्या वर्गात अशी दोन मुले असणार, असा या आकड्याचा साधा अर्थ आहे. ही मुले दंगा करीत नाहीत, गृहपाठ चुकवीत नाहीत, म्हणून ती कोणाच्या नजरेत भरत नाहीत. उलट ‘शांत मूल’ म्हणून त्यांचे कौतुकच होते.

भीती हा काही रोग नव्हे. तान्ह्या मुलाला परक्या माणसाची, तीन-चार वर्षांच्या मुलाला अंधाराची, शाळकरी मुलाला परीक्षेची भीती वाटणे हा वाढीचा भाग आहे. ती महिनोन्‌महिने टिकली, वयाला न शोभेशी झाली आणि शाळा, खेळ, मैत्री यांच्या आड येऊ लागली, म्हणजे तिला विकार म्हणावे लागते. अशा वेळी काय करावे याविषयी मानसशास्त्रात दोन विचारधारा शंभर वर्षांच्या अवधीत उभ्या राहिल्या. एक सांगते, मुलाचे वागणे बदला, भीती आपोआप ओसरेल. दुसरी सांगते, मुलाचा विचार बदला, वागणे मागोमाग येईल. पहिलीला वर्तनोपचार आणि दुसरीला बोधनिक उपचार अशी नावे आहेत. हा वाद केवळ पंडितांचा नाही. शाळेत नेमलेल्या समुपदेशकाने मुलाशी अर्धा तास बोलावे की त्याला हाताशी धरून वर्गाच्या दारापर्यंत न्यावे, या व्यावहारिक प्रश्नाचे उत्तर त्यावर अवलंबून आहे.

सशाची गोष्ट

वर्तनोपचाराची सुरुवात एका क्रूर प्रयोगाने झाली. १९२० साली अमेरिकेत जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी एका वर्षाच्या आतील बालकासमोर पांढरा उंदीर ठेवला आणि मूल त्याला हात लावू लागताच पाठीमागे लोखंडी दांड्यावर हातोड्याचा घाव घातला. काही वेळा असे झाल्यावर ते मूल नुसता उंदीर पाहूनही रडू लागले. भीती शिकवता येते, हे वॉटसन यांनी सिद्ध केले. ती काढून टाकण्याचे कष्ट मात्र घेतले नाहीत.

ते काम चार वर्षांनी मेरी कव्हर जोन्स यांनी केले. सुमारे तीन वर्षांचा पीटर सशाला घाबरे. जोन्सबाईंनी त्याला आवडीचा खाऊ द्यायला सुरुवात केली आणि पिंजऱ्यातला ससा खोलीच्या दूरच्या टोकाला ठेवला. पुढे तो हळूहळू जवळ आणला. सशाशी निर्धास्तपणे खेळणारी दुसरी मुलेही त्याला दाखवली. अखेरीस पीटर सशाला कुरवाळू लागला. १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या या हकिकतीत पुढच्या साऱ्या वर्तनोपचाराचे बीज आहे. १९५८ साली जोसेफ वोल्पे यांनी याच तत्त्वाला मोठ्यांच्या उपचारात पद्धतशीर रूप दिले. १९६७ साली आल्बर्ट बांडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्याला भिणाऱ्या लहान मुलांना, कुत्र्याशी खेळणारे त्यांच्याच वयाचे मूल नुसते दाखवले आणि तेवढ्यानेही पुष्कळांची भीती कमी झाल्याचे दाखवून दिले.

या पद्धतीविषयी एक गैरसमज आपल्याकडे फार आहे. भित्र्या मुलाला भीतीच्या तोंडी देणे म्हणजे वर्तनोपचार, अशी समजूत आढळते. खेड्यापाड्यांत पोहायला शिकवण्याच्या दोन तऱ्हा पूर्वापार चालत आलेल्या आहेत. एक म्हणजे मुलाला सरळ विहिरीत ढकलणे. दुसरी म्हणजे कमरेला सुकलेला भोपळा बांधून, काकाने किंवा थोरल्या भावाने खाली पाण्यात उभे राहून, त्याला पायऱ्यांवरून उतरवणे आणि काही दिवसांनी भोपळा सोडणे. पहिल्या तऱ्हेने काही मुले पोहायला शिकली आणि काही जन्माची पाण्याला पारखी झाली. वर्तनोपचार ही दुसरी तऱ्हा आहे. तीत पायरी ठरलेली असते, मुलाची संमती असते आणि एक पायरी अंगवळणी पडल्याखेरीज पुढची उतरावयाची नसते.

विचारांची बाजू

बोधनिक उपचाराची पार्श्वभूमी वेगळी आहे. अमेरिकेत १९५५ च्या सुमारास अल्बर्ट एलिस यांनी आणि पुढील दशकात अ‍ॅरन बेक यांनी असे प्रतिपादन केले की, माणसाला घटना त्रास देत नाही. घटनेचा तो जो अर्थ लावतो तो त्रास देतो. अर्थ तपासला, त्यातील अतिरेक काढला की भावना बदलते. मराठी वाचकाला हा विचार नवा नाही. एलिस यांच्या पद्धतीचा प्रसार प्रा. कि. मो. फडके यांनी येथे आयुष्यभर केला आणि ‘विवेकनिष्ठ’ हा शब्द सुशिक्षित घरांतून रूढ झाला. विवेकाची परंपरा ज्या समाजाला प्रिय, तेथे ही विचारसरणी रुजावी हे स्वाभाविकच होते.

मुलांच्या बाबतीतही तिला आधार आहे. १९७५ साली फ्रेडरिक कॅनफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंधाराला भिणाऱ्या पाच-सहा वर्षांच्या मुलांचे तीन गट केले. एका गटाला ‘मी धीट आहे, अंधारात मी स्वतःला सांभाळू शकतो’ अशा अर्थाची वाक्ये शिकवली. दुसऱ्याला ‘अंधार ही मजेची जागा आहे’ अशा अर्थाची. तिसऱ्याला एक साधे बालगीत. पहिल्या गटातील मुले अंधारात सर्वांत अधिक वेळ थांबली. यातील बोध सूक्ष्म आहे. अंधाराची स्तुती ऐकून मुलाला धीर येतो, त्याहून अधिक तो स्वतःच्या बळाची आठवण झाल्याने येतो. ‘त्यात घाबरण्यासारखं काय आहे?’ असे जे वाक्य घराघरांतून ऐकू येते, ते अंधाराविषयीचे आहे, मुलाविषयीचे नाही. म्हणूनच ते निष्फळ ठरते.

तरीही मर्यादा उघड आहे. आपल्याच विचाराकडे तटस्थपणे पाहणे आणि त्याचा पुरावा मागणे, हे मोठ्या माणसालाही सहज साधत नाही. अमूर्त विचार करण्याची शक्ती साधारणतः अकरा-बारा वर्षांच्या पुढे येऊ लागते, असे ज्याँ पियाजे यांनी सांगितले होते. सात वर्षांच्या मुलासमोर तर्काची मांडणी केली तर ते मान डोलावते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पोट पुन्हा दुखतेच.

दोन पद्धती, एक मुलगी

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सातवीतील एक मुलगी वर्गात उभी राहून वाचायला घाबरते. तोंडी परीक्षेच्या दिवशी ती घरी राहते. तिच्या मनातील वाक्य एकच आहे : ‘मी चुकेन आणि सगळे हसतील.’

बोधनिक पद्धतीचा उपचारक ते वाक्य कागदावर लिहायला लावील. मागच्या आठवड्यात वर्गात किती जण चुकले? त्यांना किती जण हसले? हसले तर ते किती वेळ चालले? आज त्यातले कोणाला आठवते आहे? ‘सगळे हसतील’ या विधानाची किंमत अशा रीतीने उतरत जाते. वर्तनपद्धतीचा उपचारक त्या वाक्याच्या वाटेला जाणार नाही. तो एक शिडी आखील. पहिले चार दिवस आईसमोर मोठ्याने वाचायचे, मग एका मैत्रिणीसमोर, मग मधल्या सुटीत रिकाम्या वर्गात बाईंसमोर, मग आपल्या बाकावरून दोन ओळी, आणि शेवटी फळ्याजवळ उभे राहून एक परिच्छेद. प्रत्येक पायरीनंतर शाबासकी, आणि पायरी चुकली तर शिक्षा नव्हे, तर एक पायरी खाली.

आता या दोन्ही एकत्र आणल्या तर काय होते, ते पाहावे. मुलगी बाकावर उभी राहण्यापूर्वी वहीत भाकीत लिहिते : ‘वीस जण हसतील.’ वाचून झाल्यावर ती आकडा लिहिते : ‘दोघी हसल्या, एकीने नंतर डबा वाटून खाल्ला.’ येथे विचार बदलला, पण तो कोणाच्या सांगण्यावरून बदलला नाही. स्वतःच्या हिशेबाने बदलला. आज ज्याला बोधनिक-वर्तनोपचार असे जोडनाव आहे, त्याचे मर्म हे आहे. समजूत मुलाला शिडीच्या पायथ्याशी आणते. भीती कमी होते ती शिडी चढताना.

पुरावा काय सांगतो

या जोडपद्धतीची मुलांवरील पहिली काटेकोर परीक्षा फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठातील फिलिप केंडल यांनी घेतली. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ९ ते १३ वर्षांची ४७ मुले होती. उपचार मिळालेल्यांपैकी ६४ टक्के मुले विकाराच्या व्याख्येतून बाहेर पडली. नुसत्या प्रतीक्षायादीवर ठेवलेल्यांत हे प्रमाण ५ टक्के होते. २००८ साली अमेरिकेतच ४८८ मुलांवर झालेल्या मोठ्या चाचणीत या उपचाराने सुमारे ६० टक्के, सर्ट्रालीन या औषधाने ५५ टक्के, दोन्ही मिळून ८१ टक्के आणि औषधाचा आभास असलेल्या निरुपद्रवी गोळीने २४ टक्के मुलांत लक्षणीय सुधारणा झाली. तीव्र विकारात औषधाला स्थान आहे, हे यावरून दिसते. अर्थात तो निर्णय तज्ज्ञ डॉक्टरचा.

पण जोडपद्धतीतील कोणता घटक काम करतो? १९९९ साली वेंडी सिल्व्हरमन आणि सहकाऱ्यांनी ८१ भयग्रस्त मुलांचे तीन गट केले. एकात बक्षिसांवर भर देणारा वर्तनोपचार, दुसऱ्यात मुलाने स्वतःच्या विचारांवर ताबा मिळवण्याची पद्धत, तिसऱ्यात केवळ भीतीविषयीची माहिती आणि आधार. तिन्ही गटांत सुधारणा झाली. दोन पंथांतील अंतर त्यांच्या अभिमान्यांना वाटते तेवढे नाही, हे यावरून ध्यानात यावे. २००८ च्या चाचणीतील नोंदींचा २०१५ साली बारकाईने अभ्यास झाला, तेव्हा असे आढळले की, विचारांची तपासणी सुरू झाली तेव्हाही सुधारणेचा वेग वाढला आणि प्रत्यक्ष सामना सुरू झाला तेव्हाही वाढला. दीर्घ श्वास आणि स्नायू सैल सोडण्याचा सराव यांनी मात्र फारसा फरक पडला नाही. २०२० साली स्टीफन व्हाइटसाइड आणि सहकाऱ्यांनी अनेक चाचण्या एकत्र तपासल्या आणि उपचाराच्या बैठकीतच भीतीचा सामना जितका अधिक, तितका लाभ अधिक, असा निष्कर्ष काढला.

तेव्हा न्याय असा द्यावा लागतो : विचाराला स्थान आहे, पण ते कृतीच्या सेवेत. केवळ बोलण्यावर थांबणारा उपचार अपुरा राहतो. आणि हा न्याय देतानाच आणखी एक सत्य सांगितले पाहिजे. २००८ च्या चाचणीतील मुलांचा पुढे काही वर्षे मागोवा घेतला गेला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालानुसार कायम बरी राहिलेली मुले अवघी २२ टक्के होती. जवळजवळ निम्म्यांत विकाराने मधूनमधून पुन्हा डोके वर काढले. बारा आठवड्यांत भीती उपटून काढता येत नाही. सराव सोडला की गंज चढतो.

टाळण्याचे व्याज

भीतीचे अर्थशास्त्र सावकारी कर्जासारखे आहे. ज्या दिवशी मूल शाळा टाळते त्या दिवशी त्याला तत्काळ सुटका मिळते. ती उचल असते. तिचे व्याज दुसऱ्या दिवशी सुरू होते. कालचा अभ्यास बुडालेला, मैत्रिणींचे प्रश्न वाढलेले, आणि ‘घरी राहिलो म्हणून वाचलो’ हा धडा पक्का झालेला. मग आणखी एक दिवस उचल. या व्यवहारात आई-वडील नकळत जामीन राहतात. मुलाच्या वतीने बाईंना चिठ्ठी लिहिणे, पाहुण्यांसमोर त्याच्या वतीने उत्तर देणे, रात्री त्याच्याजवळ निजणे ही सारी माया आहे. पण तिने मुद्दल फिटत नाही.

येल विद्यापीठातील एली लेबोविट्झ यांनी याच जागी बोट ठेवले. त्यांनी ७ ते १४ वर्षांच्या १२४ मुलांपैकी निम्म्यांना नेहमीचा उपचार दिला. उरलेल्या निम्म्यांच्या बाबतीत मुलाला न भेटता केवळ आई-वडिलांना मार्गदर्शन केले. मुलाची भीती खरी आहे हे मान्य करायचे, ‘तू हे सोसू शकशील’ असा विश्वास दाखवायचा आणि सवलती एकेक करून काढून घ्यायच्या, एवढाच त्याचा गाभा. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार ही पद्धत नेहमीच्या उपचाराहून उणी ठरली नाही. आजीची कणव आणि वडिलांचा कडकपणा यांचा हा मध्य आहे. कणव भीती मान्य करते पण विश्वास दाखवीत नाही. कडकपणा धैर्य मागतो पण भीती नाकारतो.

येथे एक अपवाद ठळकपणे सांगितला पाहिजे. मुलाची भीती कित्येकदा खरी असते. वर्गात छडी चालत असेल, थोरली मुले छळत असतील, जातीवरून वा इंग्रजीवरून टोमणे मिळत असतील, तर त्या मुलाला शिडी चढायला सांगणे हा उपचार नसून अन्याय आहे. शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदी केली आहे. अशा ठिकाणी बदलायचे ते मूल नव्हे, शाळा. आधी चौकशी, मग उपचार, हा क्रम मोडता कामा नये.

थोडक्या पैशाचा प्रश्न

भारतात लाख लोकसंख्येमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ पडत नाही, आणि मुलांचे तज्ज्ञ तर महानगरांतच एकवटलेले. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या संदर्भात मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता नेमावा, असे सांगितले. आदेश स्तुत्य आहे. पण नेमलेला माणूस काय करणार, हा प्रश्न त्याने सुटत नाही. तो बंद खोलीत बसून एकेका मुलाची समजूत घालणार असेल, तर त्याचे तास महिन्याभरात संपतील आणि मुले आहेत तेथेच राहतील.

दुर्मीळ साधन जेथे अधिक फळ देते तेथे वापरावे, हा अर्थशास्त्राचा पहिला पाठ आहे. स्वीडनच्या लार्स-योरान ओस्ट यांनी एखाद्या विशिष्ट वस्तूच्या भीतीसाठी तीन तासांच्या एकाच बैठकीची पद्धत तयार केली. ब्रिटनमध्ये २६८ मुलांवर तिची नेहमीच्या अनेक बैठकींच्या उपचाराशी तुलना झाली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार ती गुणाने उणी ठरली नाही आणि खर्च वाचला. गोव्याच्या ‘संगाथ’ या संस्थेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी दिल्लीच्या सरकारी शाळांतून २५१ किशोरवयीनांवर केलेला प्रयोगही लक्षणीय आहे. मानसोपचाराचे पूर्वशिक्षण नसलेल्या पण नीट तयार केलेल्या आणि देखरेखीखालील व्यक्तींनी त्यांना अडचणी सोडवण्याची पद्धत शिकवली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात, केवळ पुस्तिका मिळालेल्यांपेक्षा या मुलांच्या अडचणींची तीव्रता अधिक कमी झाल्याचे दिसले. हा उपचार निव्वळ चिंतेचा नव्हता. पण पदवीवाचून काही करताच येत नाही हा समज त्याने ढिला केला.

म्हणून शाळेतील समुपदेशकाचे काम असे असावे : शिडी आखणे, पालकांना सवलती कमी करण्यास शिकवणे, शिक्षकांना रोजची पायरी सोपवणे आणि तीव्र लक्षणांची मुले वेळेवर तज्ज्ञाकडे पाठवणे. शिडीवरून मुलाला चढवणारे हात शिक्षकाचे आणि घरच्यांचे असतील. तोंडी परीक्षेच्या आधी एका मुलीचे मधल्या सुटीत पाच मिनिटे वाचन ऐकणे, याला अनुदान लागत नाही. मात्र साठ मुलांच्या वर्गात, जनगणना आणि निवडणुकीची कामे सांभाळत, शिक्षकाने ही पाच मिनिटे कोठून आणावीत, या प्रश्नाचे उत्तर शासनाला द्यावे लागेल. वेळ हेही साधनच आहे; ते फुकट मिळते असे धरून आखलेली कोणतीही योजना कागदावरच राहते.

उपदेशाची हौस आपल्या समाजाला मोठी आहे. तो स्वस्त पडतो आणि देणाऱ्याला समाधान देतो. सकाळी पोट धरून बसलेल्या मुलाला त्याचा फारसा उपयोग नाही. त्याला सांगावे, ‘तुझं दुखतं आहे हे खरं, आणि आज आपण फाटकापर्यंत जाऊ हेही खरं.’ उद्या वर्गाच्या दारापर्यंत, परवा पहिल्या तासापर्यंत. भोपळा कमरेला बांधलेला असावा, खाली पाण्यात कोणी आपले माणूस उभे असावे. पण पाण्यात उतरायचे ते मुलानेच.